विमानाचे अंतर व प्रवासाचा काळ : इयत्ता सातवीसाठी एक समवाय पाठ



गेल्या सत्रात एका शाळेस भेट दिली असता सातवीच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका माझ्यापुढे आल्या. त्यांत एक उदाहरण असे होते : पुणे व नागपूर या विमानतळांमधील अंतर ६०५ किलोमीटर आहे, विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर असल्यास प्रवासास किती वेळ लागेल? एका मुलीने रीतसर भागाकार करून "सुमारे ४५ मिनिटे" हे उत्तर काढले होते आणि त्याखाली एक ओळ आपल्या मनाने जोडली होती : "पण माझे मामा पहाटे चारला निघाले आणि दुपारी पोहोचले." ही ओळ तांबड्या शाईने खोडलेली होती व अर्धा गुण कापलेला होता. मी गुरुजींना कारण विचारले. "जे विचारले नव्हते ते लिहिले," असे ते म्हणाले. नियमाने पाहता त्यांचे उत्तर चूक नव्हते. ती खोडलेली ओळ मात्र माझ्या मनातून जाईना. त्याचे एक कारण घरगुती आहे, ते पुढे ओघाने येईल.

केंद्र शासनाची 'उडान' ही प्रादेशिक विमानसेवेची योजना २०१६ साली जाहीर झाली. तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला ते दिल्ली असे उडाले आणि त्याच दिवशी नांदेड ते हैदराबाद या सेवेसही प्रारंभ झाला. तेव्हापासून विमानतळ हा शब्द खेड्यातील मुलांच्या बोलण्यात येऊ लागला आहे. वर्तमानपत्रात 'अमुक शहर आता तासाभरावर' अशी वाक्ये ती वाचतात. या वाक्यांत दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. दोन विमानतळांमधील अंतर ही भूगोलाची गोष्ट आहे. ती नकाशावरून काढता येते आणि ती बदलत नाही. प्रवासास लागणारा काळ ही व्यवहाराची गोष्ट आहे आणि ती केवळ भागाकाराने हाती लागत नाही. या दोन्ही गोष्टी मुलांकडून स्वतंत्रपणे करवून घ्याव्यात, यासाठी पुढील पाठ सुचवीत आहे. भूगोल आणि गणित यांचा समवाय येथे सहज साधतो. पाठास दोन तासिका द्याव्यात. घाईने एका तासिकेत उरकू नये.

साहित्य अगदी साधे आहे : महाराष्ट्राचा भिंतीवरील नकाशा, पृथ्वीगोल, पट्टी आणि हातभर दोरा. रेल्वेचे वेळापत्रक मिळाल्यास उत्तमच.

अंतर

आरंभी दोरा घ्यावा. त्याचे एक टोक नकाशावर पुण्यावर व दुसरे नागपूरवर धरून तो ताणावा आणि पट्टीने मोजावा. नकाशाचे प्रमाण १ सेंटिमीटरास १० किलोमीटर असेल तर दोरा साठ सेंटिमीटरांच्या किंचित वर भरेल. आता तोच दोरा लोहमार्गाच्या रेषेवरून वळवीत वळवीत न्यावा : पुण्याहून दौंड, तेथून उत्तरेस अहिल्यानगरवरून मनमाड, मग पूर्वेस जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा आणि नागपूर. मुलांना डोळ्यांनी दिसते की दोरा पुरत नाही. गाडी हे अंतर सुमारे ८९० किलोमीटरांचे करते. विमान मात्र जवळजवळ ताणलेल्या दोऱ्यावरून जाते. कोल्हापूर ते नागपूर हे उदाहरण याहून बोलके आहे. हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर, तर पुणे-मनमाडवरून जाणाऱ्या गाडीस १२०० किलोमीटरांहून थोडे अधिक चालावे लागते.

नकाशावरील दोरा हे स्थूल साधन झाले. सूक्ष्म उत्तरासाठी अक्षांश व रेखांश यांकडे वळावे. मुलांनी ते पाठ केलेले असतात, पण त्यांचा काही उपयोग असतो हे बहुतेकांना माहीत नसते.

येथे शब्दाची एक अडचण येते. अंशाच्या साठाव्या भागास आपण मिनिट म्हणतो आणि तासाच्या साठाव्या भागासही मिनिटच म्हणतो. या पाठात दोन्ही येणार असल्याने मुलांचा घोटाळा होतो. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत अंशाच्या साठाव्या भागास 'कला' असे नाव आहे. मी वर्गात तोच शब्द वापरतो व आपणही वापरावा.

पुणे व ओझर (नाशिक) या विमानतळांची स्थाने फळ्यावर लिहावीत. पुणे : १८ अंश ३५ कला उत्तर, ७३ अंश ५५ कला पूर्व. ओझर : २० अंश ७ कला उत्तर, ७३ अंश ५५ कला पूर्व. थोडा वेळ काहीही न बोलता थांबावे. रेखांश एकच आहे हे कोणीतरी विद्यार्थी बोलून दाखवील. तो बोलेपर्यंत वाट पाहावी. आपण सांगून टाकल्यास पाठातील गोडी जाते. दोन्ही विमानतळ एकाच रेखावृत्तावर, म्हणजे एक दुसऱ्याच्या नेमका उत्तरेस. मग फक्त अक्षांशांची वजाबाकी उरते : १ अंश ३२ कला, अर्थात ९२ कला.

आता सांगावे की रेखावृत्तावरील एका कलेएवढी लांबी म्हणजेच सागरी मैल होय. तो आज १८५२ मीटरांचा धरला जातो. जहाजे आणि विमाने यांची अंतरे जगभर सागरी मैलांतच मोजतात आणि ताशी एक सागरी मैल या वेगास 'नॉट' म्हणतात. म्हणून ओझर पुण्यापासून ९२ सागरी मैल. गुणाकार नाही, सूत्र नाही. वजाबाकी केली की अंतर तयार. किलोमीटर हवे असल्यास १.८५२ ने गुणावे. सुमारे १७० येतील. वैमानिकांनी हे एकक का सोडले नाही ते मुलांना या एका उदाहरणावरून कळते.

एका अंशाची लांबी सुमारे १११ किलोमीटर आहे हे मुलांना सांगताना ते कोणी मोजले हेही सांगावे, कारण त्या माणसाचा अंत आपल्या राज्यातच झाला. विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून त्रिकोणमितीच्या साहाय्याने हिंदुस्थानच्या मोजणीस हात घातला. पुढे दक्षिण टोकापासून उत्तरेकडे एका रेखावृत्ताच्या अनुरोधाने त्रिकोणांची माळ गुंफीत तो सरकत राहिला. वीस वर्षे हे काम करीत असता, १८२३ च्या जानेवारीत, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो मरण पावला आणि तेथेच त्याची समाधी आहे. त्याचे अपुरे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. अंशाची लांबी सर्वत्र तंतोतंत सारखी नसते, विषुववृत्तापाशी ती सुमारे ११०.६ तर ध्रुवापाशी १११.७ किलोमीटर भरते, हे अशा मोजण्यांमुळेच पक्के झाले. सातवीच्या वर्गात १११ पुरेत.

दुसरे उदाहरण पूर्व-पश्चिमेचे घ्यावे आणि ते आपल्या घरचे आहे. जळगाव विमानतळ : २० अंश ५८ कला उत्तर, ७५ अंश ३८ कला पूर्व. नागपूर : २१ अंश ५ कला उत्तर, ७९ अंश ३ कला पूर्व. अक्षांशांत जेमतेम ७ कलांचा फरक. म्हणजे नागपूर जवळजवळ नेमके आपल्या पूर्वेस आहे. रेखांशांतील फरक ३ अंश २५ कला. येथे हुशार विद्यार्थी चटकन २०५ सागरी मैल असे उत्तर देतो, आणि ते चूक असते. चूक का, हे पृथ्वीगोलावर दाखवावे. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात. त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाची रुंदी विषुववृत्तावर १११ किलोमीटर असली तरी आपल्याकडे २१ व्या अक्षांशावर ती सुमारे १०४ किलोमीटरच उरते. सोललेल्या संत्र्याच्या फोडी दाखवल्यास अधिक बोलावे लागत नाही, आणि नागपूरचा पाठ चालू असता संत्रे आणण्यास निमित्तही चांगले मिळते. ३ अंश २५ कला म्हणजे ३.४२ अंश, त्यास १०४ ने गुणून सुमारे ३५५ किलोमीटर.

मग उरलेल्या ७ कलांचे काय, असा प्रश्न आला पाहिजे. न आल्यास आपण विचारावा. नागपूर १३ किलोमीटर उत्तरेस आहे, म्हणजे अंतर ३५५ मध्ये १३ मिळवून ३६८ होईल काय? येथे पायथागोरसचा सिद्धांत आणावा. ३५५ चा वर्ग आणि १३ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढले तर उत्तर ३५५.२४ येते. तेरा किलोमीटरांनी अंतरात केवळ पाव किलोमीटरची भर पडली! मुलांना हे आधी पटत नाही. पटत नाही तेच चांगले. मैदानावर चुन्याने लांबट काटकोन त्रिकोण आखून दोरीने मोजू द्यावा.

एवढे झाल्यावर पुणे-नागपूर ही जोडी मुले स्वतः सोडवू शकतात. अक्षांशांतील फरक २ अंश ३० कला, म्हणजे १५० सागरी मैल, म्हणजे २७८ किलोमीटर. रेखांशांतील फरक ५ अंश ८ कला. मधल्या, म्हणजे २० व्या अक्षांशाजवळ एका अंशाचे १०४.६ किलोमीटर धरून ५३७ किलोमीटर. २७८ चा वर्ग ७७,२८४, ५३७ चा वर्ग २,८८,३६९, बेरीज ३,६५,६५३; तिचे वर्गमूळ ६०५ च्या अगदी जवळ. चाचणीच्या प्रश्नात आयते दिलेले ६०५ ते हेच. पृथ्वी सपाट नाही, मग सपाट त्रिकोणाचा नियम कसा चालतो, असे कोणी विचारल्यास त्याची पाठ थोपटावी व सांगावे की महाराष्ट्राएवढ्या प्रदेशात चूक नगण्य राहते. मुंबईहून लंडनला जायचे असेल तर हा नियम चालणार नाही, तेथे दोरा पृथ्वीगोलावरच ताणावा.

पहिली तासिका येथे संपवावी.

काळ

दुसऱ्या तासिकेच्या आरंभी चाचणीतील तेच उदाहरण फळ्यावर लिहावे. ६०५ भागिले ८०० म्हणजे ४५ मिनिटे. त्याखाली विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात याच प्रवासास दिलेला काळ लिहावा : सव्वा ते दीड तास. जवळजवळ दुप्पट. विमान वाटेत कोठे थांबत नाही, वळणाचा घाट नाही, फाटक नाही. मग उरलेला वेळ जातो कोठे?

याचे उत्तर मुलांनी एस.टी.च्या अनुभवावरून काढावे. फलाटावरून मागे सरणे, आगाराबाहेर पडणे, मोठ्या रस्त्यास लागेपर्यंतची चाल या वेळी गाडी आपल्या पूर्ण वेगाने धावत नसते. विमानाचेही तसेच असते. वेळापत्रकातील काळ विमान उभ्या जागेवरून हलल्याच्या क्षणापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत ते चाकांवर हळूहळू जाते. पुढे दुसरे विमान असल्यास थांबते; लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्याने तेथे लष्करी विमानांचीही ये-जा असते. वर चढताना व उतरताना वेग कमी असतो, आणि ताशी ८०० हा वेग मधल्या टप्प्यापुरताच साधतो. शिवाय विमान शक्यतो वाऱ्यास तोंड देऊन उतरते. नागपूरच्या धावपट्टीच्या दोन टोकांवर १४ आणि ३२ हे आकडे रंगवलेले असतात. ते उत्तरेपासून मोजलेल्या १४० व ३२० अंशांच्या दिशा दाखवतात. पुण्याहून येणारे विमान नैर्ऋत्येकडून येते. त्यास यांपैकी कोणत्याही दिशेने उतरण्यासाठी वळसा घ्यावाच लागतो. (दोन आकड्यांतील फरक १८ च का, हे मुलांना घरी विचार करण्यास द्यावे.)

वाऱ्याचा प्रश्न सातवीत थोडक्यात उरकावा. प्रवाहाच्या दिशेने व प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेची उदाहरणे आपण सोडवतोच. हिवाळ्यात आपल्या देशावर उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहतात. वारा ताशी ८० किलोमीटर मागून लाभला असे मानल्यास जमिनीच्या मानाने वेग ८८० होतो आणि ६०५ किलोमीटरांस ४१ मिनिटे लागतात. तोच वारा समोरून आल्यास वेग ७२० आणि काळ ५० मिनिटे. जाण्यायेण्याचा काळ कित्येकदा सारखा का नसतो ते यावरून कळेल. कोणी घड्याळातील फरकाविषयी विचारील. नागपूरचा सूर्य पुण्याच्या सूर्यापेक्षा सुमारे २० मिनिटे आधी माथ्यावर येतो हे खरे. परंतु सबंध देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताप्रमाणे चालते, म्हणून हिशेबात तो फरक धरावयाचा नाही.

यानंतर त्या मुलीच्या मामांकडे यावे. विमानतळ म्हणजे घर नव्हे. आपल्या एखाद्या खेड्यातून निघणाऱ्या माणसाचा हिशेब मुलांनी मांडावा : गावापासून विमानतळापर्यंत दीड तास, तपासणी व सामान देण्यासाठी आधी पोहोचणे दीड तास, धावपट्टी, चढ, उतार यांत मूळ भागाकाराहून जास्त लागणारा अर्धा तास, सामान घेऊन बाहेर पडणे अर्धा तास, मुक्कामी पोहोचणे अर्धा तास. बेरीज साडेचार तास, आणि यात आकाशातील अंतर अद्याप एक किलोमीटरही कापलेले नाही. आगगाडीसाठी हाच हिशेब गावापासून स्टेशन दीड तास, वाट पाहणे अर्धा तास व उतरल्यावर अर्धा तास, असा अडीच तासांचा होतो. आता विमान लहान, पंख्याचे व ताशी ५०० किलोमीटर जाणारे मानू. आगगाडीचा सरासरी वेग ताशी ६० मानू. आणि सोयीसाठी दोघांचे अंतर सारखेच धरू.

१०० कि.मी. : आगगाडीने ४ तास १० मिनिटे, विमानाने ४ तास ४२ मिनिटे.
२०० कि.मी. : आगगाडीने ५ तास ५० मिनिटे, विमानाने ४ तास ५४ मिनिटे.
३०० कि.मी. : आगगाडीने ७ तास ३० मिनिटे, विमानाने ५ तास ६ मिनिटे.
४०० कि.मी. : आगगाडीने ९ तास १० मिनिटे, विमानाने ५ तास १८ मिनिटे.

या आकड्यांचे आलेख काढल्यास दोन रेषा १३६ किलोमीटरांजवळ एकमेकींस छेदतात. त्याच्या अलीकडे गाडी बरी, पलीकडे विमान. आपल्या गावाचे आकडे वेगळे असतील. स्टेशन जवळ आणि विमानतळ दूर असेल तर छेदनबिंदू उजवीकडे सरकेल. तो किती सरकतो हे मुलांनी पाहावे. चारशे किलोमीटरांच्या विमानप्रवासात आकाशातील खरा वेळ ४८ मिनिटांचाच आहे, उरलेला सर्व जमिनीवरचा, हे ज्या वर्गास दिसले तो वर्ग 'तासाभरावर' या शब्दास पुन्हा भुलणार नाही.

एवढ्यावर पाठ थांबवावा असे पूर्वी मला वाटे. आता वाटत नाही, आणि आरंभी म्हटलेले घरगुती कारण ते हेच.

२००९ सालच्या डिसेंबरात मी एका प्रशिक्षणासाठी पुण्यात होतो. माझे थोरले बंधू नागपूरला रुग्णालयात होते. दुपारी साडेचारला वहिनींचा फोन आला : "भावजी, जमेल तितक्या लवकर या." संध्याकाळी सहाच्या सुमारास नागपूरकडे जाणारी गाडी होती, ती दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत पोहोचवी. सोबतचे एक स्नेही म्हणाले, "रात्रभर गाडीत कशास बसता? विमान सव्वा तासात नेते." त्या रात्रीच्या विमानात जागा नव्हती. सकाळी साडेसातच्या विमानात मिळाली. मी गणिताचा शिक्षक. सव्वा तास आणि साडेपंधरा तास हे दोन आकडे माझ्यापुढे होते, आणि त्यांत कोणता लहान हे पाहण्यास कागद लागत नव्हता. मी गाडी सोडली.

सकाळी विमानतळावर कळले की आम्हांस नेणारे विमान आधी दिल्लीहून यावयाचे आहे आणि दिल्लीस धुके आहे. साडेसातचे विमान बारा वाजून दहा मिनिटांनी हलले. उडाल्यावर ते खरोखरच सव्वा तासात नागपूरला उतरले. मी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा अडीच वाजत आले होते. दादा सव्वाअकराला गेले होते. गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती.

विमान कंपनीस मी दोष देत नाही. धुके कोणाच्या हातात नसते. चूक माझ्या उदाहरणात होती. 'किती वेळ लागतो?' या प्रश्नाचे उत्तर मी काढले आणि मला हवे होते ते 'मी केव्हा पोहोचेन?' या प्रश्नाचे. ते काढावयास बसलो असतो तर लगेच दिसले असते की सगळे वेळेवर झाले तरी विमानाने मी दहाच्या सुमारास पोहोचणार आणि गाडीनेही दहाच्याच सुमारास. मग दोहोंत अधिक भरवशाचे कोणते एवढाच विचार उरला असता. वेगवान वाहन उद्या निघणार असेल आणि मंद वाहन आज, तर वेगाला काही अर्थ राहत नाही. लहान विमानतळांवरून कित्येक सेवा आठवड्यातील ठरावीक दिवशीच असतात. शनिवारी निरोप आला आणि विमान मंगळवारी असले, तर ते तीन दिवस कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हे आपली कोणतीही उदाहरणे विचारीत नाहीत.

नागपूरचाच एक जुना दाखला या ठिकाणी वर्गात सांगण्याजोगा आहे. १९४९ साली आपल्या देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून टपालाची विमाने रात्री निघत, नागपुरास एकत्र येत, तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. नागपूरच का, हे मुलांनी हवाई अंतरे काढून ठरवावे : मुंबई सुमारे ६८० किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८५. ती विमाने आजच्या मानाने मंद होती आणि मद्रासचे पत्र दिल्लीस नागपूरमार्गे जाताना वाटेत थांबतही असे. तरीही संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळच्या वाटपास तयार होई. ज्यांनी ही योजना आखली त्यांनी विमानाचा वेग आधी पाहिला नाही. पत्र केव्हा हाती पडले पाहिजे हे पाहिले आणि तेथून मागे मोजत आले. मुलांनाही असेच मागे मोजण्यास शिकवावे : अमुक वाजता पोहोचावयाचे आहे, तर घरून केव्हा निघावे? पाठ्यपुस्तकात या धर्तीची उदाहरणे थोडी आहेत. आपण रचावीत. त्यासाठी विमानच हवे असे नाही. तालुक्याच्या दवाखान्यात दहा वाजता पोहोचण्यासाठी गावातून कोणती एस.टी. धरावी, हेही उदाहरण याच जातीचे आहे आणि पालकांना ते अधिक उपयोगी पडेल.

ज्या शाळेतील उत्तरपत्रिकेवरून हा लेख निघाला, तेथील गुरुजींशी नंतर माझे सविस्तर बोलणे झाले. त्यांनी त्या मुलीस मामांचा सगळा प्रवास वर्गापुढे सांगावयास लावला. पहाटे चारला दुधाच्या गाडीतून तालुक्याचे गाव, तेथून एस.टी., विमानतळाबाहेर दोन तास, कारण आत लवकर सोडत नाहीत असे मामांना वाटले होते. मग विमान, मग पुन्हा रिक्षा. मुलांनी तिला इतके प्रश्न विचारले की तासिका अपुरी पडली. अर्धा गुण तिला परत मिळाला आहे.

केंद्रातील प्रत्येक शाळेने असा एक तक्ता या सत्रात तयार करावा. गावातील जे कोणी गेल्या वर्षात लांबचा प्रवास करून आले असतील, मग तो विमानाने असो, गाडीने असो वा बसने, त्यांना मुलांनी भेटून माहिती घ्यावी. पहिला रकाना 'घरून केव्हा निघाले', दुसरा 'मुक्कामी केव्हा पोहोचले', तिसरा 'वाटेत कोठे किती थांबले' असा असावा. अंतर मुलांनी नकाशावरून स्वतः काढून चौथ्या रकान्यात भरावे. सरासरी वेग सर्वांत शेवटी. तक्ते सत्र संपण्यापूर्वी केंद्रप्रमुखांकडे द्यावेत. पुढील शिक्षण परिषदेत ते भिंतीवर लावून आपण एकत्र पाहू. दोरा मात्र ज्या कपाटातून घेतला तेथे परत ठेवावा, अशी शिवणकामाच्या बाईंची विनंती आहे.